उमरावची आलोयणा

लहानपणी उमरावला कोणी विचारलं, काय ग, आजचा दिवस कसा गेला, तर ती दिवसभराची पापं सांगायला बसायची. बोरं वेचायला पळताना मुंगळ्यांच्या रांगेवर पाय पडला. शेजारणीची लोणच्याची बरणी बघून मनात लोभ आला. आईला "आलेच" म्हणाले आणि गेलेच नाही. विचारणारा बिचारा वरमायचा. आपण सहज विचारलं आणि ही तर मामलेदारापुढं उभी राहिल्यासारखी बोलायला लागली! पण त्यात पोरीचा काय दोष? ज्या घरात रोज दिवेलागणीला हाच धडा, त्या घरची लेक दुसरं काय बोलणार?

घर नंदुरबारच्या चांदमलजींचं. पुढं कपाशीच्या आडतीचं दुकान, मागं राहणं. माणसं मारवाडातली, मूर्ती न मानणारी, स्थानकात जाणारी जैन. चांदमलजींची थोरली बहीण नोजीबाई ऐन उमेदीत विधवा होऊन भावाकडं आली होती आणि घरातला धर्म तिच्या हातात होता. पोरं तिला भुवा म्हणत. सूर्य मावळला की भुवा आसन अंथरायची, तोंडावर मुहपत्तीची कापडी पट्टी बांधायची आणि पडिकमणाला बसायची. पडिकमण म्हणजे दिवसभरात कळत-नकळत घडलेले दोष आठवायचे, एकेक कबूल करायचे आणि "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचं, माझं ते वाईट वागणं फुकट जावो. उमराव रांगायची तेव्हापासून भुवाच्या आसनाला चिकटलेली. सूत्रं तिला बोलता यायच्या आधीच पाठ झाली म्हणा ना. अर्थ कळो न कळो, पोपटासारखी घडाघडा म्हणायची.

पण दोष शोधण्यात मात्र ती पोपट नव्हती. तिथं तिची बुद्धी सुईसारखी चालायची. चातुर्मासात साध्व्या मुक्कामाला आल्या की त्यांच्यापुढं बसून आपले दोष सांगायचे, त्याला आलोयणा म्हणतात. इतर पोरी "राग केला, खोटं बोलले" असं मोघम उरकायच्या. उमराव खोलात शिरायची. राग का आला, तो किती वेळ टिकला, गेल्यावरही थोडा कसा बाकी होता, सगळं. बायका एकमेकींना कोपर मारायच्या की आलोयणा करावी तर चांदमलजींच्या लेकीनं. भुवा ते ऐकून मान खाली घालायची आणि आतून फुलायची. त्याबद्दल मग संध्याकाळी तिला वेगळं मिच्छामि दुक्कडम् म्हणावं लागायचं, ते निराळं.

आता अशी पोर इंग्रजी शाळेत कशी पोचली, तर तारेमुळं. मुंबईहून कपाशीच्या भावाची तार यायची इंग्रजीत. चांदमलजींना इंग्रजीचा गंध नाही. थोरल्या मुलाला, सुमेरमलला, शाळेत घातलं, तर तो मास्तरांना कंटाळून पळाला की मास्तर त्याला कंटाळले, हे आजवर कळलेलं नाही. मग तार घेऊन वकिलाकडं जायचं. वकील ती मोठ्यानं वाचायचा आणि चांदमलजी घरी पोचायच्या आत बातमी बाजारात पोचलेली असायची. एक दिवस त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, ही पोर रोज भुवाजवळ न कळणारी भाषा घडाघडा म्हणते, तर इंग्रजी का नाही म्हणणार? झालं. मराठी शाळा संपली होतीच. उमराव इंग्रजी शाळेत गेली. वर्गात मुलींचा बाक वेगळा, आणि वरच्या वर्गात येईतो त्या बाकावर ती एकटीच उरली.

तारा वाचण्यापुरतं इंग्रजी तर दोन वर्षांत आलं. पण गोडी लागली की सुटते का? भूमिती तर तिला इतकी आवडायची की आवडते याचंही तिला थोडं पाप वाटायचं. बापाच्या नाकदुऱ्या काढत, भुवाला आपल्या बाजूनं बोलायला लावत ती एकेक इयत्ता चढत गेली आणि मॅट्रिकच्या वर्गात येऊन बसली. तेवढ्यात शहाद्याच्या एका चांगल्या घरातून स्थळ आलं. मुलाचं नाव जवरीलाल, शांत, कामसू. सगळ्यांना पसंत, उमरावलाही नापसंत नव्हतं. लग्न येत्या आखातीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरलं. चांदमलजी लेकीला म्हणाले, परीक्षा फाल्गुनात आहे ना, मग बस या वर्षी. मास्तरांनी पाठवलं तर दे. पुढच्या वर्षी तू आमची नाहीस.

एवढीच एक संधी होती. आणि उमरावला ती हवी होती, जिवाच्या करारावर हवी होती. कशाला म्हणाल, तर नोकरीबिकरी तिच्या स्वप्नातही नव्हती. तिला एक ठाऊक होतं. सासरी गेलं की आपल्याला सगळे बींदणी, म्हणजे सूनबाई, म्हणणार. पुढं कोणाची आई म्हणतील. उमराव हे नाव घेणारं कोणी उरणार नाही. मॅट्रिकच्या निकालात मात्र ते वर्तमानपत्रात छापून येतं. एकदा, फक्त एकदा आपलं नाव आपल्या स्वतःच्या करणीनं कागदावर उमटावं, मग खुशाल बींदणी म्हणा. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. भुवाला सांगितलं असतं तर भुवा म्हणाली असती, हा तर मान कषाय, अहंकार. आणि तसं ते होतंही, असं उमरावला मनातून वाटायचं.

मॅट्रिकच्या वर्गाला होते खैरनार मास्तर. रनाळ्याच्या शेतकऱ्याचं पोर, गावातलं पहिलं मॅट्रिक. वर्गात मराठी अगदी पुस्तकातली बोलायचे, पण राग आला किंवा माया आली की तोंडातून अहिराणी निघायची. मोठा प्रामाणिक माणूस, फक्त आपल्या एका पद्धतीवर फार खूश. कोणाला परीक्षेला पाठवायचं हे ठरवताना ते सहामाहीच्या मार्कांवर भिस्त ठेवत नसत. मार्क नशिबानंही मिळतात म्हणायचे. दिवाळीची सुट्टी संपली की ते एकेका विद्यार्थ्याला उभं करायचे आणि विषयवार विचारायचे, सांग, तुझं तुला काय वाटतं, किती आलंय, कुठं अडतंय? याला ते जबानी म्हणत. वैद्य नाडी बघतो, पण दुखतंय कुठं ते रोग्यानंच सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. गुण आहे त्या पद्धतीत. पण सगळ्या रोग्यांची जीभ एकाच तराजूतली नसते, एवढं मात्र मास्तरांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मुलांच्या बाबतीत त्याची गरजही पडली नव्हती, कारण मुलांच्या जिभा ते ओळखून होते. त्या दिवशी पहिला उभा राहिला कळसाडीकडचा जालमसिंग. उंचापुरा, मिशीची रेघ फुटलेली. छाती काढून म्हणाला, इतिहास तोंडपाठ, भूमिती हातचा मळ, आणि इंग्रजी असं की कलेक्टरसाहेबानं ऐकलं तर बदली मागून घेईल. वर्ग हसला, मास्तरही हसले. त्यांनी त्यातलं निम्मं मनातल्या मनात कापलं, उरलं ते पुरेसं होतं, जालमसिंग पास. पुढचा एक बामणाचा मुलगा "बरं आहे, बरं आहे" म्हणत राहिला. त्यात मास्तरांनी थोडं मिळवलं. असं कापत, जोडत ते मुलींच्या बाकापाशी आले.

उमराव उभी राहिली. पदर सावरला, हात जोडले गेले ते तिचे तिलाच कळले नाही, आणि डोळे खाली लावून ती बोलायला लागली. भूमितीचे सिद्धांत पाठ आहेत, पण पाठ असणं म्हणजे कळणं नव्हे. बीजगणितात घाई करते, सहामाहीत चिन्हाची चूक झाली, आणि ती दिसल्यावर मास्तरांचा राग आला, चूक आपली असून. इतिहास वाचताना आळस येतो. इंग्रजी उच्चार वाईट आहेत, निबंध तर फारच कच्चा. अभ्यासाला बसल्यावर चित्त भटकतं. आणि आत्ता जालमसिंगचं बोलणं ऐकून हसू आलं, तेही बरोबर झालं नाही.

 उमराव खाली बसली ती अगदी हलकी होऊन. गंमत बघा, तिला वाटलं, आपली जबानी सगळ्यांत चांगली झाली! का नाही वाटणार? तिच्या जगात जो आपले दोष नीट सांगतो तो निर्मळ ठरतो, त्याला गुरू आशीर्वाद देतात. मास्तरांनीही तिच्याकडं बघून मान हलवली आणि खरं बोललीस पोरी म्हणाले. मग काय, उमराव घरी गेली आणि दोन पोळ्या जास्त जेवली.

मास्तरांना मात्र त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. मारवाड्याची मुलगी मॅट्रिकला बसवायची हा त्यांच्याही अभिमानाचा विषय होता. पण मुलगी खोटं बोलणारी नाही, हे सगळी शाळा जाणून होती. तिच्या बोलण्यातून काय कापायचं आणि काय जोडायचं? ती स्वतः म्हणते पाठांतर आहे, समज नाही. मार्क चांगले आहेत, पण पाठांतराचे असतील. अशा पोरीला धुळ्याला परीक्षेला नेऊन नापास करायची, लग्नाआधी गावभर नाचक्की करायची, हे काही माणुसकीचं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला बाजूला बोलावलं आणि मऊ आवाजात सांगितलं की या वर्षी नको, पुढच्या वर्षी पक्की तयारी करून बस.

उमरावनं नुसतं बरं म्हटलं. गुरूशी वाद घालणं हा आणखी एक दोष. ती घरी आली, पुस्तकं कोनाड्यात ठेवली आणि आई तीजाबाईच्या शेजारी बसून मूग निवडायला लागली. पुढचं वर्ष नव्हतंच. मूग निवडता निवडता डोळ्यांतून पाणी टपटप पडायला लागलं तेव्हा तीजाबाईनं सूप बाजूला ओढून घेतलं आणि काय झालं ते काढून घेतलं.

चांदमलजींच्या कानावर गेलं तेव्हा ते आधी हसले. बाजारात बसून आपणच गाठोड्यावर लिहिलं की माल सडका आहे, तर गिऱ्हाईकानं काय करायचं? म्हणाले, उद्या जा आणि सांग मास्तरांना, माल एक नंबर आहे, डोळे झाकून पाठवा. उमरावनं नाही म्हणून मान हलवली. हे तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. जालमसिंगनं बोललेलं चालतं, त्याची ती रीत आहे. आपण एक नंबर म्हणायचं म्हणजे शुद्ध बढाई. चांदमलजींनीही फार ताणलं नाही. लग्न तोंडावर होतं, परीक्षेशिवाय ते अडणार नव्हतं. बाप वाईट नव्हता हो, फक्त त्याच्या लेखी ही गोष्ट हलकी होती आणि तिच्या लेखी जड.

चार दिवसांनी कार्तिकी पुनव आली. चातुर्मास संपण्याचा दिवस, मोठी पाखी, म्हणजे साऱ्या चातुर्मासाच्या दोषांचं मोठं पडिकमण. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाला असलेल्या थोरल्या साध्वी, महासतीजी, विहार करून गाव सोडणार, म्हणून ज्याला आलोयणा करायची त्यानं आजच करायची. उमरावचा उपवास होता. दुपारी बायकांची गर्दी ओसरल्यावर ती महासतीजींसमोर जाऊन बसली. भुवा मागं खांबाला टेकून बसली. महासतीजी वयानं फार नव्हत्या, पण शिकलेल्या होत्या आणि माणसाकडं बघायच्या ते थेट. उमराव म्हणाली, मनात मास्तरांबद्दल राग धरून आहे, जात नाही, प्रायश्चित्त द्या.

महासतीजींनी विचारलं, राग कशाचा? उमरावनं सगळं सांगितलं. जबानीत आपण काय बोललो तेही जसंच्या तसं. महासतीजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, तुला न समजणारी ती भूमिती, त्यातलं काही मला सांग. मला त्यातलं काहीच ठाऊक नाही.

उमराव बुचकळ्यात पडली, पण आज्ञा ती आज्ञा. त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन का होतात, हे सांगायला बसली. जमिनीवर रेघ ओढावी तर माती खरवडून तिच्यातल्या जिवांना इजा करण्याचा दोष. मग पाटाची कड झाली त्रिकोणाचा पाया, दोन हातांची बोटं झाली बाजू, आणि वरच्या टोकावरून पायाला समांतर रेघ म्हणून तिनं भुवाला हातातली जपमाळ ताणून धरायला लावली. भुवा बिचारी माळ धरून बसली, हे कुठल्या सूत्रात येतं हा विचार करत. उमराव म्हणाली, हा कोन उचलून इथं ठेवला, तो तिथं ठेवला, मधला आहेच, आता बघा, तिघं मिळून सरळ रेघ झाली की नाही. महासतीजींनी मधेच विचारलं, त्रिकोण लांबट असला तर? उमरावनं बोटं वाकडी करून लगेच दाखवलं, काही बदलत नाही. रेघ समांतर आहे ना, मग बास.

महासतीजी म्हणाल्या, "मला कळलं. ज्याला स्वतःला कळलेलं नाही तो दुसऱ्याला कळवू शकतो का, बाई?"

उमराव पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"दुसरं व्रत कुठलं?"

"खोटं न बोलणं."

"नसलेलं आहे म्हणणं हे खोटं. आणि असलेलं नाही म्हणणं?"

उमरावनं झटकन वर पाहिलं. महासतीजींनी मग हळू आवाजात समजावलं. आलोयणा दोषांची करायची असते, विद्येची नाही. मास्तरांनी दोष विचारले नव्हते, काय येतं आणि काय नाही ते दोन्ही विचारलं होतं. तू अर्धंच उत्तर दिलंस आणि अर्धं लपवलंस. ज्ञान लपवणं हा ज्ञानाचाच अपराध आहे, त्यानं ज्ञानावर पडदा पडतो, हे सूत्रात तू रोज म्हणतेस, अर्थ कधी विचारला नाहीस. नम्रता वेगळी, खोटं वेगळं. प्रायश्चित्त एकच, ज्याच्यापुढं खोटं बोललीस त्याच्यापुढं जाऊन खरं सांग. आणि पाखी आज आहे, उद्या नाही.

धर्मानंच पोरीला खड्ड्यात घातलं होतं म्हणावं, तर धर्मानंच हात धरून वर काढली. उमराव उठली. दोष सांगायचे तर ती हसत जाते. येतं म्हणून सांगायचं, तेही पुरुषमाणसापुढं, हे तिच्यासाठी विहिरीत उडी घेण्यासारखं होतं. भुवाचा हात घट्ट धरून ती खैरनार मास्तरांच्या घराच्या वाटेला लागली.

मास्तरांची बायको फुलवंताबाई ओसरीवर लाल मिरच्यांचा ढीग घेऊन देठं खुडत होती. खाटकन शिंक आली भुवाला, मग उमरावला. मास्तर आतून बाहेर आले, बघतात तो मारवाड्याच्या घरची मोठी बाई आणि मुलगी शिंकत दारात उभ्या. बसा म्हणायच्या आधी उमरावनं हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्, मास्तर. मी तुमच्यापुढं खोटं बोलले."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांच्या मनात आलं, सहामाहीत पोरीनं कुणाचं बघून लिहिलं की काय. देवा, हिच्यावर तरी नको. घोगऱ्या आवाजात विचारलं, काय खोटं बोललीस?

"मला भूमिती येते."

 उमरावनं डोळे मिटले आणि एका दमात पुढं बोलली. "पाठ आहे म्हणून नाही, कळते म्हणून येते. बीजगणित येतं. घाई करते, पण येतं. इतिहास येतो, आळस येतो तरी येतो."  फुलवंताबाईचे हात मिरच्यांत थांबले होते.

मास्तर ओसरीच्या कडेला आले. मग म्हणाले, "आणि इंग्रजी?"

"वाचलेलं सगळं कळतं. उच्चार वाईट आहेत."

"ते तरी खरं?"

"ते खरं. निबंधही कच्चा आहे, ते खरंच होतं."

मास्तर खांबाला धरून खाली बसले आणि पुस्तकातली मराठी त्यांना सोडून गेली. "अरे देवा," ते म्हणाले, "पोरी, हाई तू आधी का बरं नही सांगं?" त्यांना हसू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. इतकी वर्षं मुलांना विचारतोय, तुमचं तुम्ही सांगा. पण बढाईला कात्री लावायला शिकलो, नम्रतेची गाठ सोडवायला शिकलोच नाही. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, चला. नावं सकाळच्या टपालानं जाणार होती आणि हेडमास्तरांच्या टेबलावर सही होऊन पडली होती.

हेडमास्तर कडक गृहस्थ. त्यांनी खैरनार मास्तरांना आधी फैलावर घेतलं. त्या दिवशी तुम्हीच म्हणालात तयारी नाही, आज म्हणता आहे, चार दिवसांत मुलगी काय अमृत प्याली? मास्तर म्हणाले, चूक माझी, मी अर्धं ऐकलं. हेडमास्तर उमरावकडं वळले आणि त्यांनी सरळच विचारलं, पास होशील का?

जालमसिंग असता तर म्हणाला असता, पहिल्या वर्गात. जुनी उमराव असती तर म्हणाली असती, माझी काय लायकी. तिनं एकेक विषय मनात उचलून बघितला, मूग हातात घेऊन बघतात तसा. मग म्हणाली, गणितात चांगल्या मार्कांनी होईन. इतिहासात होईन. इंग्रजीत होईन, पण काठावर, निबंधामुळं.

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग खैरनार मास्तरांना म्हणाले की इतकी वर्षं मी विद्यार्थ्यांना शिकवतोय, पण स्वतःचं वजन इतकं बरोबर करणारा बघितला नाही. आणि लेखणी उचलून त्यांनी शेवटी तिचं नाव लिहिलं, उमराव चांदमल.

संध्याकाळी मोठ्या पाखीचं पडिकमण झालं. भुवा सांगते, त्या दिवशी पोरीला दोष आठवायलाच वेळ लागला. बसली होती नुसती, तोंडावर मुहपत्ती, डोळ्यांत आनंद, आणि त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम् म्हणावं की न म्हणावं या विचारात.

परीक्षा झाली, आखातीज झाली, उमराव शहाद्याला गेली. निकाल आला तेव्हा ती सासरी पापड लाटत होती. गणितात खरंच चांगले मार्क, इंग्रजीत खरंच काठावर. जवरीलालनं वर्तमानपत्र आणून बायकोपुढं धरलं आणि तिचं नाव बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. घरात नव्या सुनेचं नाव नवऱ्यानं मोठ्यानं घ्यायचं म्हणजे केवढं धाडस, सासू खोकली. पण सुनेनं तर निकालाच्या कागदाला पिठाचे हात लावून घेतले होते आणि तिला कोणाचा खोकला ऐकू येत नव्हता.

पुढं ती बींदणी झाली, दोन मुलांची आई झाली, तिनं म्हटल्यासारखंच सगळं झालं. एक मात्र तिनं म्हटलं नव्हतं. शहाद्यात मराठी शाळा संपली की मुली घरी बसत. उमरावबाईंनी आधी नणंदेला शिकवलं, मग नणंदेच्या मैत्रिणींना, आणि सन बेचाळीस सरता सरता पुढच्या ओसरीवर मुलींचा इंग्रजी वर्ग उभा राहिला. गुजरांच्या मुली यायच्या, शिंप्यांच्या यायच्या, जंगलखात्यात शिपाई असलेल्या एका पावरा आदिवासीची मुलगी कालीबाई यायची. उमरावबाईंचा एक कडक नियम होता. महिन्याच्या शेवटी प्रत्येकीनं उभं राहून सांगायचं, आधी काय येतं ते, मग काय येत नाही ते. "काहीच येत नाही बाई" असं म्हणणारीला खाली बसू द्यायच्या नाहीत. उभी राहा म्हणायच्या, एक तरी येत असेल, ते शोध, मग बस.

कालीबाई पहिल्यांदा फार वेळ उभी राहिली होती. शेवटी म्हणाली, मला पहाडी बोली, मराठी आणि आता थोडं इंग्रजी येतं. उमरावबाई म्हणाल्या, तीन भाषा येतात असं सांगणारी वर्गात तू पहिली, बस.

वर्गाला सरकारी मान्यता हवी होती, नाहीतर मुलींना मॅट्रिकला बसता येणार नव्हतं. शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले. सासरे, नवरा, गावातली दोन मोठी माणसं, सगळे ओसरीवर दाटीनं उभे. साहेबांनी मुलींची परीक्षा घेतली. कालीबाई उभी राहून न अडखळता म्हणाली, वाचन येतं, व्याकरण येतं, अपूर्णांक अजून येत नाहीत. साहेबांनी अपूर्णांक विचारून बघितले, खरंच येत नव्हते. साहेब हसले.

मग ते उमरावबाईंकडं वळले. डोक्यावर पदर, बाई नुसत्या मॅट्रिक, ट्रेनिंग झालेलं नाही. साहेबांनी विचारलं, "आणि बाई, तुम्हाला शिकवता येतं का?"

सासऱ्यांनी घाईनं सांगायला तोंड उघडलं की कसलं काय साहेब, बायकांचं आपलं जमेल तसं चाललंय. मोठ्या माणसांनीही तशाच अर्थानं हात हलवले. मुली मात्र बाईंकडं टक लावून बघत होत्या.

"येतं," उमरावबाई म्हणाल्या.